एका घासाचा प्रश्न : गहू वर्ज्य असलेल्या माणसाचे घर

गव्हाला आपल्या घराघरांत पुष्टीचे आणि आदरातिथ्याचे स्थान लाभले आहे. तान्ह्या मुलाला गव्हाचे सत्त्व, बाळंतिणीला खीर, पाहुण्याला पोळी आणि देवाला शिरा ही परंपरा पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तथापि काही व्यक्तींच्या बाबतीत हेच धान्य आतड्यास इजा करते आणि खाल्लेले अन्न अंगी लागू देत नाही. या विकारास वैद्यकशास्त्रात सीलिॲक रोग असे म्हणतात. तो बरा करणारे औषध आजमितीस उपलब्ध नाही. गहू, जव आणि राय ही तीन धान्ये व त्यांपासून तयार होणारे सर्व पदार्थ आयुष्यभर कटाक्षाने टाळणे हाच त्यावरील उपचार होय.

रोगाचे निदान रुग्णालयात होते. उपचार मात्र स्वयंपाकघरात, शाळेच्या ओसरीवर आणि लग्नाच्या पंगतीत करावा लागतो. त्यामुळे त्याचे यश एकट्या रुग्णावर अवलंबून राहत नाही. त्याच्यासाठी रांधणारी, त्याला वाढणारी आणि त्याच्यासोबत जेवणारी माणसे या पथ्याकडे कोणत्या दृष्टीने पाहतात, यावर ते अवलंबून असते. शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पंचायत सदस्य यांनी हा विषय समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

रोगाचे स्वरूप

कणीक मळली असता तिला जो चिवटपणा येतो तो ग्लूटेन या प्रथिनामुळे येतो. कणकेचा गोळा पाण्याच्या धारेखाली धूत राहिल्यास त्यातील पांढरा चीक निघून जातो आणि रबरासारखा लवचीक लगदा हाती राहतो. हाच लगदा मुख्यत्वे ग्लूटेनचा बनलेला असतो. पोळी लाटताना न फाटणे आणि पाव फुगणे हे दोन्ही गुण त्याच्यामुळेच येतात.

निरोगी माणसाच्या लहान आतड्याच्या आतील अस्तरावर मखमलीच्या लवेसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. पचलेल्या अन्नातील पोषक द्रव्ये या अंकुरांवाटे रक्तात शोषली जातात. सीलिॲक रोग असणाऱ्या व्यक्तीच्या पोटात ग्लूटेन गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा त्याला शत्रू समजते आणि त्या लढाईत स्वतःच्याच आतड्यावर आघात करते. अंकुर झिजतात, सपाट होतात, आणि पोटभर जेवूनही माणूस कुपोषित राहतो. हा रोग संसर्गजन्य नाही. तो होण्याची प्रवृत्ती आनुवंशिक असते. मात्र ती प्रवृत्ती असणाऱ्या प्रत्येकास रोग होतोच असे नाही.

कारणाचा शोध

मुलांमधील या विकाराचे नेमके वर्णन लंडन येथील सॅम्युअल गी या वैद्याने १८८८ साली प्रसिद्ध केले. रुग्ण बरा होऊ शकला तर तो आहारानेच होईल, असे त्यांचे मत होते. परंतु कोणता पदार्थ दोषी आहे याचा उलगडा होण्यास आणखी अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला. तो उलगडा करण्याचे श्रेय विलेम कारेल डिके या डच बालरोगतज्ज्ञाकडे जाते. गव्हाविषयीचा संशय त्यांच्या मनात दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आलेला होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भीषण अन्नटंचाई निर्माण झाली व पाव मिळेनासा झाला. लोक उपाशी असताना ही आजारी मुले मात्र सुधारत असल्याचे दिसून आले, आणि पाव पुन्हा मिळू लागताच त्यांचा आजार उलटला. डिके यांनी आपले निष्कर्ष १९५० साली युट्रेख्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात मांडले. आज जगभर पाळले जाणारे पथ्य याच कार्यावर उभे आहे.

भारतातील परिस्थिती

हा रोग केवळ युरोपीय लोकांचा आहे, असा समज दीर्घकाळ प्रचलित होता. तो आता टिकण्यासारखा नाही. हरियाणा, आसाम आणि तमिळनाडू येथील तेवीस हजारांहून अधिक प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार रोगाचे प्रमाण उत्तरेकडील विभागात दर हजारी सुमारे साडेआठ, ईशान्येकडे सुमारे साडेचार, तर दक्षिणेकडे अगदीच नगण्य आढळले. विशेष म्हणजे रोगाची आनुवंशिक प्रवृत्ती तिन्ही विभागांत साधारण सारखीच होती. फरक होता तो ताटातल्या अन्नात. उत्तरेकडे गव्हाचे दैनिक सेवन सरासरी साडेचारशे ग्रॅमच्या घरात होते, तर अन्य दोन विभागांत ते चाळीस ग्रॅमहूनही कमी होते.

महाराष्ट्राच्या दृष्टीने ही बाब विचार करण्याजोगी आहे. कोकणात तांदूळ व नाचणी, देशावर व मराठवाड्यात ज्वारी-बाजरी ही आपली जुनी धान्ये होत. अनेक घरांत पोळी ही सणावाराची होती. आज ती रोजची झाली आहे, आणि बिस्कीट व पाव खेड्यातील चहाच्या टपरीपर्यंत पोहोचले आहेत.

ओळख कशी पटते?

दीर्घकाळ चालणारे जुलाब, फुगलेले पोट, वाळलेले हातपाय, चिडचिडेपणा आणि खुंटलेली वाढ ही मुलांतील ठळक लक्षणे होत. परंतु सर्वच रुग्णांत ती दिसत नाहीत. कित्येकदा केवळ उंची न वाढणे, लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा रक्तक्षय, वारंवार तोंड येणे, हाडे ठिसूळ होणे, सततचा थकवा किंवा वंध्यत्व एवढाच संकेत मिळतो. अशा व्यक्तीस वर्षानुवर्षे केवळ टॉनिक देत राहणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरण्यासारखे आहे.

निदानासाठी प्रथम रक्ताची विशिष्ट तपासणी करतात. ती संशयास्पद आढळल्यास दुर्बिणीद्वारे लहान आतड्याच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासला जातो. येथे एक सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू बंद करू नये. आधीच बंद केल्यास तपासणीत दोष दिसत नाही आणि निदान हुकते. निदान निश्चित झाल्यावर रुग्णाचे आईवडील, भावंडे आणि मुले यांचीही रक्ततपासणी करून घेणे हितावह असते, कारण जवळच्या रक्ताच्या नात्यात या रोगाचा संभव अधिक असतो.

पथ्य सुरू केल्यावर बहुतेक रुग्णांना काही आठवड्यांतच उतार वाटू लागतो. मुलांची भूक व वजन वाढते. मात्र आतडे पूर्ववत होण्यास बरेच महिने, प्रौढांच्या बाबतीत कधी कधी दोन वर्षेही लागतात. बरे वाटले म्हणजे रोग गेला असे समजून पथ्य सोडणे ही नेहमी घडणारी चूक होय.

ताटात काय वाढावे?

हे पथ्य म्हणजे उपासमार असा ग्रह करून घेण्याचे कारण नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, वरी, राजगिरा, साबुदाणा, शिंगाडा, सर्व डाळी व कडधान्ये, दूध-दही, अंडी, मासे, मांस, भाजीपाला, फळे, शेंगदाणे, तीळ, गूळ व तूप यांत मुळातच ग्लूटेन नसते. झुणका-भाकर, आमटी-भात, घावन, आंबोळी, तांदळाची उकड, पोह्यांचा चिवडा, नाचणीची आंबील हे सारे पदार्थ अशा माणसाला चालतात. शहरांतील दुकानांत 'ग्लूटेनमुक्त' म्हणून विकली जाणारी महाग पिठे व बिस्किटे यांवाचून त्याचे काही अडत नाही. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे केले. ज्या भाकरीला काही घरांत गरिबीचे अन्न समजून दूर सारले गेले, तीच भाकरी या रुग्णांचा मुख्य आधार आहे. शिवाय शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम तीनशे मिलिग्रॅमहून अधिक असते. हाडे कमकुवत झालेल्या रुग्णास त्याचा विशेष उपयोग होतो.

याउलट पोळी, पाव, बिस्कीट, रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया, नानकटाई, शंकरपाळे हे उघडच वर्ज्य होत. जव आणि जवस या नावांत मात्र घोटाळा होऊ देऊ नये. जव किंवा सातू हे ग्लूटेनयुक्त धान्य आहे. जवस हे तेलबी असून त्याची चटणी चालते. ओट हे धान्य स्वतः वेगळे असले तरी त्यात बहुधा गव्हाची भेसळ झालेली असते. म्हणून ते वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नये.

लपलेला गहू

खरी अडचण उघड गव्हाची नसून लपलेल्या गव्हाची आहे. बाजारात मिळणाऱ्या मिश्र हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, आणि हिंग तर डाळीच्या प्रत्येक फोडणीत पडतो. मेतकूट, थालीपिठाची भाजणी आणि सातूचे पीठ यांत गहू घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. माल्ट घातलेली पौष्टिक पेये जवापासून बनतात. फरसाणाच्या दुकानात बेसनाची शेव आणि मैद्याची शंकरपाळी एकाच कढईत तळली जातात.

दुसरे ठिकाण म्हणजे पिठाची गिरणी. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली की आधीचे पीठ तिच्यात उतरते. भाकरी ज्वारीची म्हणून खाल्ली जाते आणि रुग्णाचा आजार मात्र हटत नाही. यास्तव घरच्या दगडी जात्यावर किंवा केवळ बिनगव्हाच्या धान्यासाठी राखलेल्या घरगुती चक्कीवर दळणे उत्तम. तसे शक्य नसल्यास गिरणीवाल्याशी बोलून, गिरणी झाडून-पुसून, आधी तांदळाचे दळण काढून व ते घरातील इतरांसाठी ठेवून मग रुग्णाचे दळण घ्यावे. यामुळे धोका कमी होतो. तो सर्वस्वी टळत नाही, हे ध्यानात असावे.

घरातही काही व्यवस्था लावावी लागते. रुग्णासाठी वेगळा पोळपाट, लाटणे, चाळण आणि पिठाचा डबा असावा. लाकडाच्या खाचांतून व चाळणीच्या जाळीतून जुने पीठ निघत नाही. भाकरी आधी भाजावी, पोळ्या नंतर. पुऱ्या तळलेले तेल त्याच्या भजीसाठी वापरू नये. स्टीलची भांडी व ताटे स्वच्छ घासून वापरल्यास पुरेसे आहे. ताट वेगळे ठेवण्याचे मुळीच कारण नाही. वेगळेपण पिठाचे असावे, माणसाचे नव्हे.

वेष्टित मालाच्या बाबतीत लेबल वाचण्याची सवय उपयोगी पडते. २०२० सालच्या लेबलविषयक नियमांनुसार गहू, जव, राय, ओट आदी ग्लूटेनयुक्त धान्यांचा अंश असल्यास तसा उल्लेख वेष्टनावर करणे आवश्यक आहे. एका किलोत २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन नसेल, तरच पदार्थास 'ग्लूटेनमुक्त' म्हणता येते. सुट्या मालावर मात्र काहीच लिहिलेले नसते. तेथे विचारूनच घ्यावे, आणि उत्तर मिळाले नाही तर घेऊ नये.

"एका घासाने काय होते?"

मराठी माणसाच्या आदरातिथ्याचा प्राण आग्रहात आहे. पंगतीत पाहुणा नको म्हणत असता त्याच्या पानात आणखी एक पोळी पडते, आणि तो तिचा मान राखतो. या रीतीमागे प्रेम आहे यात शंका नाही. परंतु सीलिॲक रोग असणाऱ्या मुलाच्या बाबतीत हेच प्रेम त्याला आजारी पाडते. "एवढासा तर शिरा आहे, देवाचा प्रसाद आहे, काही होत नाही बाळा," असे आजी म्हणते, आणि सुनेने अडवले तर तिला अतिरेकी ठरविण्यात येते.

याबाबत शास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. इटलीतील संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पथ्य पाळणाऱ्या प्रौढ रुग्णांना तीन महिने दररोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन देण्यात आले, तेव्हा त्यांच्या आतड्यातील अंकुरांची झीज आढळून आली. मध्यम आकाराच्या एका पोळीत ग्लूटेन साधारण अडीच ग्रॅम असते. म्हणजे ५० मिलिग्रॅम हा त्या पोळीचा सुमारे पन्नासावा भाग झाला. तो घासही नव्हे, घासाचा कण होय. शिवाय प्रत्येक वेळी पोट दुखेलच असे नाही. वरून काही न दिसता आत हानी होत राहते. म्हणून "मागच्या वेळी खाल्ले तेव्हा कुठे काय झाले?" हा युक्तिवाद ग्राह्य धरता येत नाही.

वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगणे सुनेला अवघड जाते. डॉक्टरांनी किंवा आरोग्यसेविकेने घरी येऊन, आजी-आजोबांना समोर बसवून सांगितले तर ते अधिक मानले जाते. किंबहुना एकदा पटले की पथ्याची सर्वांत कडक राखण आजीच करते. उपवासाचे सोवळे-ओवळे तिने जन्मभर सांभाळलेले असते. कोणते भांडे कशाला लागले हे तिला शिकवावे लागत नाही. उपवासाची वरी, साबुदाण्याची खिचडी आणि राजगिऱ्याचे लाडू हे तर या मुलाला चालणारे पदार्थ आहेत. फक्त ती पिठे गिरणीतून येताना गव्हात मिसळू नयेत, एवढे पाहावे.

सणावारीही मुलाला वंचित ठेवण्याची गरज नाही. तांदळाचे उकडीचे मोदक चालतात. कणकेचे तळणीचे मोदक चालत नाहीत. दिवाळीत रव्याचे लाडू व करंज्या वर्ज्य, परंतु बेसनाचे लाडू आणि अनारसे चालतात. ईदच्या शीरखुर्म्यासाठी तांदळाच्या शेवया वापरता येतात. सत्यनारायणाच्या पूजेत शिऱ्याबरोबर केळी व साखरफुटाणेही प्रसाद म्हणून वेगळे ठेवले, तर हात पुढे करणारे कोणतेही मूल रिकाम्या हाताने परतत नाही. शक्य असेल तेथे साऱ्या घरानेच तो पदार्थ खावा. मुलासाठी वेगळी वाटी आणण्यापेक्षा सर्वांच्या पानात तांदळाची खीर असणे अधिक चांगले.

घरातील स्त्री रुग्ण असेल तर

मूल आजारी असल्यास घर त्याच्यासाठी बदलते. रुग्ण ही घरची सून किंवा आई असेल तर असे घडतेच असे नाही. अनेक घरांत तीच सर्वांच्या पोळ्या करते, कणकेच्या हातांनीच स्वतःची भाकरी थापते, आणि उरलेले वाया जाऊ नये म्हणून शेवटी शिळी पोळी तीच खाते. वेगळे दळण मागण्याचा तिला संकोच वाटतो. तिचा रक्तक्षय हा बायकांचा नेहमीचा अशक्तपणा समजला जातो. अशा घरात पोळ्यांचे काम दुसऱ्या कोणी हाती घेणे, तिची भाकरी पहिल्यांदा होणे आणि तिचे दळण आणण्याची जबाबदारी पतीने स्वीकारणे हे औषधाच्या बरोबरीचे आहे. मुलीचे लग्न ठरवताना हा आजार लपविण्याकडे पालकांचा कल असतो. तथापि लपविलेले पथ्य सासरी पाळता येत नाही. आधी सांगून टाकल्याने एखादे स्थळ हातचे जाईलही. न सांगितल्याने मुलीची प्रकृती जाते. पथ्य पाळणारी स्त्री संसार, नोकरी आणि मातृत्व ही सर्व कर्तव्ये इतरांप्रमाणेच पार पाडू शकते, हे दोन्ही कुटुंबांनी जाणले पाहिजे.

शाळा आणि गाव यांची जबाबदारी

महाराष्ट्रातील शालेय पोषण आहाराचा पाया मुख्यतः तांदूळ व डाळी-कडधान्ये यांचा आहे, ही या मुलांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट होय. फोडणीतील हिंग, तयार मसाले आणि खाऊ म्हणून वाटली जाणारी बिस्किटे यांकडे तेवढे लक्ष ठेवावे लागते. शिक्षकाने पालकांकडून पथ्याची लेखी माहिती घेऊन ती स्वयंपाक करणाऱ्या ताईंना समजावून द्यावी. डबे वाटून खाण्याची सवय चांगली असली तरी या मुलाच्या डब्यापुरता अपवाद वर्गाला सांगावा. तो सहजतेने सांगितला तर मुले सहजतेने पाळतात. वाढदिवसाला वा स्वातंत्र्यदिनी खाऊ वाटायचा झाल्यास राजगिऱ्याची वडी, शेंगदाण्याची चिक्की किंवा केळे निवडले, तर कोणालाही वगळावे लागत नाही.

अंगणवाडीतील वजनाच्या नोंदी हे निदानाचे पहिले दार ठरू शकते. पुरेसा आहार मिळूनही ज्या बालकाचे वजन महिनोन्‌महिने वाढत नाही, त्याला केवळ कुपोषित म्हणून नोंदवून न थांबता वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांना व शाळांना भेट देतात. अशा बालकाचा इतिहास त्यांच्यासमोर आवर्जून मांडावा.

पंचायत सदस्यांनाही यात करण्यासारखे बरेच आहे. गावातील गिरणीवाल्याशी बोलून आठवड्यातील एक दिवस, सकाळी गिरणी साफ केल्यावर, केवळ ज्वारी-बाजरी-तांदूळ यांच्या दळणासाठी राखून ठेवता येईल. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यात तांदूळ व गहू यांच्याबरोबर भरड धान्यांचाही समावेश आहे. ज्या शिधापत्रिकेवर असा रुग्ण आहे, त्या कुटुंबाची तांदूळ वा ज्वारीची मागणी पुरवठा कार्यालयापर्यंत पोहोचविणे व तिचा पाठपुरावा करणे हे सदस्यांचे काम होय. गावजेवणाच्या वेळी भात-आमटीचे एक पातेले बिनहिंगाचे ठेवणे व त्याचा डाव वेगळा राखणे यास फारसा खर्च येत नाही.

सीलिॲक रोग असणारी व्यक्ती दयेची याचना करीत नाही. तिला हवे असते ते तिच्या "नको" या शब्दाचा मान राखणारे घर आणि गाव. पंगतीत एखाद्याने पोळी नाकारली, तर त्याचे कारण न विचारता त्याच्या पानात भात वाढणे, हाही आदरातिथ्याचाच प्रकार आहे. तो आपल्या रीतीत रुजला, तर अनेक मुलांची खुंटलेली वाढ पुन्हा सुरू होईल.